डावीकडची रांग

कर्वेनगरात कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर उत्तरेश्वरचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, आणि दुकानावरची पाटी वाचून निम्मं गिऱ्हाईक पायरी न चढताच परत जात असे. पाटीवर लिहिलं होतं: 'येथे काम करणारे मशीन मिळेल. कंपनीचे नाव हवे असल्यास पुढे जावे.' आता पुण्यात असल्या पाट्यांचं कुणाला नवल नाही. पण ही लिहिणारा माणूस पुण्याचा नव्हता. तो उस्मानाबादकडच्या तेर गावचा. पुण्यात येऊन तो सगळ्यात आधी इथली फटकळ पाटी लिहायला शिकला, आणि त्यात त्यानं चांगलंच नाव काढलं.

त्या पाटीमागे एक जुना राग होता. डिप्लोमा करून तो पहिल्यांदा हडपसरला आला तो टीव्हीच्या कारखान्यात. एकाच टेबलावर, एकाच मापाचे, एकाच सामानाचे टीव्ही तो जोडायचा. शेवटी निम्म्यांवर कारखान्याचं नाव चिकटायचं आणि निम्म्यांवर एका बड्या कंपनीचं. बड्या नावाचे हातोहात खपायचे, स्वतःच्या नावाचे गोदामात धूळ खात पडायचे. टीव्ही तोच, टाके उत्तरेश्वरनंच घातलेले! पुढे बाजार खुला झाला, बाहेरचा माल आला आणि कारखान्याला कुलूप लागलं. बाकीच्यांनी सरकारला शिव्या दिल्या. उत्तरेश्वरनं त्या चिकटपट्टीला दिल्या, आणि तो राग तसाच जपून ठेवला.

मग पुण्यात कॉम्प्युटरचे दिवस आले. जो तो कसला ना कसला कोर्स करू लागला, ज्याच्या त्याच्या मुलाला मशीन हवं झालं. उत्तरेश्वर सुटे भाग आणून मशीन जोडायचा. त्याची मशीन चालायची, आणि चांगली चालायची, हे त्याचे वैरीसुद्धा मान्य करत. पण त्याचं एक म्हणणं होतं आणि ते तो ऐकणाऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय सोडत नसे. "सर्व्हर सर्व्हर म्हणून जे विकतात ना, ते नुसतं उंच डबडं असतंय बघा. आतला प्रोसेसर शेवटी प्रोसेसरच. माझ्या साध्या मशीनमधला त्याच्यापेक्षा जोरात पळतोय. बसवा शेजारी, द्या दोघांला एकच गणित, आन् बघा की कोण आधी उठतंय."

तो खरोखरच बसवून दाखवायचा. कुणी कंपनीचा सर्व्हर दुरुस्तीला आणला की त्याच्याशेजारी आपलं मशीन मांडायचं, दोघांना एकच काम द्यायचं आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. दर वेळी त्याचंच मशीन आधी काम उरकायचं. यात लबाडी काही नव्हती. साध्या मशीनच्या प्रोसेसरची गती तेव्हा खरंच जास्त असायची आणि एका वेळी एकच काम असेल तर तो खरंच पुढे निघायचा. बघणारा हरखून जायचा, उत्तरेश्वरच्या मिशीला पीळ बसायचा.

हे सगळे सामने सकाळी व्हायचे. कारण एक वाजला की दुकान बंद. पुण्यात नवा होता तेव्हा दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या दुकानांना तो पोट धरून हसायचा. मग लग्न झालं, द्वारका आली, दुकानामागच्या खोलीत संसार मांडला गेला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, तेव्हा उघडं ठेवून करायचं काय? त्यातच एका उन्हाळ्यात दुकानातली वायर धुमसली. तेव्हापासून एक वाजता द्वारका आतून यायची, "उठा, पानं वाढलीत" म्हणायची आणि जाता जाता मेन स्विच खाली ओढायची. उत्तरेश्वर जेवायचा आणि असा गाढ झोपायचा की पिढीजात पुणेकरानं त्याच्याकडे शिकवणी लावावी.

तर अशा या माणसाची गाठ धायरीच्या पतसंस्थेशी पडली.

पतसंस्था भाजीपाला पिकवणाऱ्यांची. पुष्कळांच्या मळ्यांवर एव्हाना बिल्डरच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण ज्यांचं रान राहिलं होतं ते पहाटे माल घेऊन बाजाराला जायचे आणि परत येताना संस्थेत भरणा करायचे. चेअरमन होते संपतराव. माणूस दिलदार, बोलणं मोकळं, आणि नातेवाइकांना दुखवायचं जिवावर यायचं. संस्थेत नवी मशीन घ्यायची होती. खिडक्यांवर साधी, आणि मधोमध एक मोठं, सगळ्यांचा हिशोब सांभाळणारं. एका मोठ्या कंपनीनं मधल्या जागेसाठी सर्व्हर सुचवला. संपतरावांच्या मेव्हण्यानं उत्तरेश्वरचं नाव सुचवलं.

कंपनीकडून आलेले गृहस्थ दिगंबर, सदाशिव पेठेतले. इस्त्रीचा शर्ट, बेताचं बोलणं, आणि तेही एक भुवई वर करून. संस्थेच्या कचेरीत बसून त्यांनी उत्तरेश्वरचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जगभरच्या बँका वेड्या आहेत, आणि हे फक्त आपल्याला कळलं आहे. असंच ना?"

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला. "तसंच."

"उत्तम. मग मोजूनच पाहू."

"मोजा की! हितंच मोजा, समद्यांसमोर. हरलो तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन."

ही बातमी धायरीत पसरायला वेळ लागला नाही. कर्वेनगरातही पोचली. द्वारकेनं रात्रीच्या भाकरी थापता थापता विचारलं, "पाटी कशाला लावलीत पणाला? मशीन लावायचं होतं." उत्तरेश्वर म्हणाला, "मशीन काय, अजून दहा जोडीन. पाटी एकच हाय." त्यावर तिनं पुढची भाकरी जरा जोरात आपटली.

एप्रिलातली सकाळ होती. संस्थेच्या हॉलवर पत्रे होते आणि आत दोन टेबलं शेजारी शेजारी मांडली होती. डावीकडे उत्तरेश्वरचं मशीन, उजवीकडे दिगंबरचा सर्व्हर. दोन्ही मशीनवर संस्थेचा सगळा हिशोब उतरवला होता. काम एकच: सगळ्या खात्यांचं व्याज काढायचं. संपतरावांनी नारळ फोडला. असल्या कामाला नारळ फोडतात का, असं दिगंबरच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, पण खोबरं त्यांनी घेतलं.

उत्तरेश्वरचं मशीन आधी उठलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच आधी. तिसऱ्यांदाही तेच. हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. मेव्हण्यानं तर असा आनंद केला की मशीन त्यानंच जोडलंय असं वाटावं. उत्तरेश्वर हाताची घडी घालून उभा होता. हडपसरच्या त्या गोदामातले धुळीत पडलेले टीव्ही त्याला आठवत होते आणि छाती भरून येत होती.

"जिकलात!" संपतराव घड्याळाकडे बघत म्हणाले. "आता मिटलं. काम तुमचं. एक वाजत आला, चला, घरी मटण शिजलंय. पावणे, तुमीबी चला."

दिगंबरनं रुमालानं चष्मा पुसला. "चला की. एका माणसानं, एका मशीनवर, एकच काम केलं आणि ते आधी झालं. अध्यक्ष महाराज एकटेच संस्था चालवणार असतील तर यांचंच मशीन घ्यावं." मग उत्तरेश्वरकडे वळून, "बाकी हे दुपारचं चालतं ना? की कर्वेनगरच्या रिवाजाप्रमाणे एक ते चार विश्रांती?"

सगळे हसले. उत्तरेश्वरही हसायला लागला. "माझं मशीन सकाळपास्नं रात्रीपर्यंत..." एवढं म्हणून तो थांबला. माणूस बढाईखोर होता, पण खोटं बोलणारा नव्हता. वाक्य पुरं करायच्या आधी त्यानं मनाशी एक तरी दुपार शोधून पाहिली, आणि त्याला एकही सापडेना. दर दुपारी द्वारकेचा हात मेन स्विचवर. दर दुपारी मशीन गार, तो घोरतोय. इतकी वर्षं छाती ठोकून सांगितलं, आणि सलग चार तासांच्या पुढे त्यानं एकही मशीन कधी चालवून पाहिलं नव्हतं!

आपली चूक उमगली की माणसं सहसा गप्प बसतात. उत्तरेश्वरला चूक उमगली की राग यायचा.

"मशीन कुणी बंद करायची नाहीत," तो ओरडला. "जेवण चार वाजता."

"अवो, मटण..." संपतराव म्हणाले.

"मटण पळून जात न्हाई. दुपारी तुमची माणसं भरणा करायला येतात ना? मग हीच मशीन लावा खिडक्यांला. डावीकडच्या खिडक्या माझ्या मशीनला, उजवीकडच्या ह्यांच्या. आन् व्याजाचं काम दोन्हीकडं मागं चालूच राहू द्या. घ्या, आता म्हणा, एकट्याचं काम!"

दिगंबरची भुवई पहिल्यांदाच खाली आली. "आपण जिंकला आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "थांबलात तर चालेल."

"मला चालणार न्हाई."

तारा जोडल्या. खिडक्या उघडल्या. बाजार आटोपलेली माणसं येऊ लागली. कुणाच्या डोक्याला टॉवेल, कुणाच्या हातात रिकामी पोती. डावीकडे एक रांग, उजवीकडे एक. पहिला तासभर दोन्ही सारख्या सरकल्या. उत्तरेश्वर येरझाऱ्या घालत होता आणि जाता येता दिगंबरकडे असा बघत होता, जणू काय म्हणतोय, घ्या!

मग पत्रे तापले. उत्तरेश्वरच्या मशीनमधला पंखा आधी गुणगुणला, मग घरघरला, मग असा ओरडू लागला की खिडकीवरच्या नम्रताला पैसे भरणाऱ्याचं नाव दोनदा विचारावं लागलं. डावीकडच्या खिडकीत आकडा टाकला की पडदा नुसता बघत बसायचा. रांगेतली माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊ लागली. एका म्हातारीनं सरळ पोतं उचललं आणि उजवीकडच्या रांगेला जाऊन लागली. तिच्यामागून आणखी एक गेला. उजवीकडची रांग वाढली तरी सरकत होती. डावीकडची कमी झाली तरी जागची हलत नव्हती.

काय चाललंय ते हॉलमध्ये फक्त दोघांनाच कळत होतं. त्या साध्या प्रोसेसरचा धर्मच तसा. तापला की जळून जाऊ नये म्हणून तो आपणहून गती उतरवतो. त्यात चारी बाजूंनी हाका, आणि मागं व्याजाचं काम. उजवीकडच्या डब्यात मात्र दोन प्रोसेसर होते, गतीनं बेताचे, पण लागणारे आकडे जवळच साठवून ठेवणारे आणि काम वाटून घेणारे. दिवसभर, अनेकांच्या हाताखाली, न तापता राबावं म्हणूनच त्यांची घडण. उंच डबडं उंच होतं, ते आत वारा खेळावा म्हणून.

उत्तरेश्वरनं मशीनची बाजूची पत्र्याची झडप काढली. संस्थेचा टेबलफॅन ओढून आणला आणि मशीनच्या उघड्या कुशीवर रोखला. रांग जराशी सरकली, पुन्हा थांबली.

दिगंबर तेवढ्यात चहा प्यायला बाहेर गेले. संपतराव भुकेनं कासावीस होऊन खुर्चीत पेंगत होते. आणि उत्तरेश्वरच्या समोर त्याच्या मशीनचा कीबोर्ड होता. मागे चाललेलं व्याजाचं काम एक कळ दाबली असती तर थांबलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. ओझं उतरलं असतं, रांग धावली असती, चार वाजता टाळ्या वाजल्या असत्या, पाटी राहिली असती. त्याचा हात कळीपर्यंत गेला. खरं सांगायचं तर बोट टेकलंच होतं.

आणि मग त्याला त्या चिकटपट्ट्या आठवल्या. आतला माल एक आणि वर नाव दुसरं! ती कळ दाबली तर आपणही आपल्या मशीनवर एक खोटी चिकटपट्टीच लावणार. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या तेच काम आपल्या बोटानं, भर दुपारी? त्याला स्वतःचीच इतकी चीड आली की त्यानं हात झटकला आणि टेबलावर थाप मारली. संपतराव दचकून उठले.

"डावीकडचे समदे!" उत्तरेश्वर ओरडला. "ऐका! समदे उजवीकडं जावा. हे मशीन तुमचा खोळंबा करतंय. हे मी जोडलंय, मीच सांगतो. जावा!"

मग पोती उचलली गेली आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याची रांग, त्यानंच हाकलून दिलेली, दुसऱ्याच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. दिगंबर दारात चहाचा पेला घेऊन थांबले होते.

संपतरावांना मात्र राग आवरेना. "अवो, जिकवलं हुतं की तुमाला! जेवायला गेलो असतो तर कुणाला कळलं असतं?"

"उद्या दुपारी कळलं असतं. भाजीवाल्यांला," उत्तरेश्वर म्हणाला. "ऐका चेअरमन, मी सांगतो. चार भाकरी करायच्या तर घरची बाई आचाऱ्याच्या आधी करती. लग्नाच्या पंगतीला आचारीच लागतोय. मधल्या जागेला ह्यांचं मशीन घ्या. खिडक्यांवर माझी साधी घ्या, तिथं ह्यांच्यापेक्षा माझीच चांगली. तिथं मी आजबी हरत न्हाई!"

"न्हाय न्हाय," संपतराव हात हलवत म्हणाले. "आता समदं एकाकडनंच घिऊ. पुन्ना ही भांडणं नगं." आणि सगळं काम कंपनीला गेलं. साधी मशीनसुद्धा. हा निव्वळ अन्याय होता आणि तो कुणालाच अन्याय वाटला नाही, कारण सगळ्यांना भूक लागली होती.

मशीन स्कूटरला बांधताना दिगंबर जवळ आले. "मी आपल्या जागी असतो," ते म्हणाले, "तर एक वाजताच थांबलो असतो."

"म्हणून तर तुम्ही माझ्या जागी न्हाईत," उत्तरेश्वर म्हणाला आणि स्कूटरला लाथ घातली.

घरी पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. त्यानं शेजारच्या किराणावाल्याची शिडी मागून आणली, भिंतीला टेकवली आणि पाटीचे खिळे उपटायला लागला. आवाज ऐकून द्वारका बाहेर आली.

"काय करायलाव?"

"पाटी उतरवायलो."

"हरलाव?"

"हरलो."

"मग हरलेल्या माणसाचा एवढा आवाज कशाला?" ती म्हणाली. पण शिडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. मागच्या खोलीतला संसार याच दुकानावर चालत होता. तिनं हळूच विचारलं, "दुकान बंद करायलाव का हो?"

पाटी काखेत घेऊन उत्तरेश्वर खाली उतरला. "दुकान न्हाई," तो म्हणाला. "झोप बंद. उद्यापास्नं एक वाजता मेनला हात लावायचा न्हाई."

दोन दिवसांनी नवी पाटी चढली. ती वाचायला लोक स्कूटर थांबवू लागले. 'हे दुकान दुपारी एक ते चार उघडे राहील. या वेळेत येथील मशीन तपासली जातात. आश्चर्य वाटल्यास ते बाहेरच व्यक्त करावे.'

पहिला निषेध वरच्या मजल्यावरून आला. निवृत्त तात्याराव बनियनवर खाली उतरले. "अहो, दुपारची वेळ लोकांची झोपायची असते. आपले पंखे ओरडतात."

"काका, मीबी हितं अकरा वर्षं झोपलो," उत्तरेश्वर म्हणाला. "लै नुकसान झालं. तुम्हीबी विचार करा."

तात्यारावांनी सोसायटीत तक्रार केली. सोसायटीनं समज दिली. उत्तरेश्वरनं समज घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि दुपारी शटर उघडंच ठेवलं. दुकानातलं प्रत्येक मशीन आता ऐन दुपारी, सगळी कामं एकदम अंगावर घेऊन, बाहेरून टेबलफॅनचा वारा न घेता चालू लागलं. जे धापा टाकी ते तो उघडून पुन्हा जोडी. त्यातूनही जे धापा टाकी ते घरगुती कामाला, असं तोंडावर सांगून विकी. आणि त्यानं आणखी एक गोष्ट केली, जिचा कंपनीवाल्यांना सगळ्यात जास्त राग आला. सर्व्हरचे प्रोसेसर सुटे मागवले आणि उंच डबडंही स्वतःच जोडलं. त्यावर कुणाचंच नाव लावलं नाही. एका दवाखान्यानं ते घेतलं. मग एका छापखान्यानं. धायरीच्या पतसंस्थेनं कधीच काही घेतलं नाही, आणि उत्तरेश्वरनंही तिकडे कधी विचारलं नाही.

पुढच्या मे महिन्यात, अडीच वाजता, रस्ता भाजत असताना दुकानासमोर एक रिक्षा थांबली. दिगंबर उतरले. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. रिक्षावाल्याच्या मदतीनं त्यांनी एक उंच खोकं खाली उतरवून घेतलं. त्यावर त्यांच्या कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं.

"नवीन आलं आहे," दिगंबर फुटपाथवरूनच म्हणाले. "मोठ्या गिऱ्हाइकाला द्यायचं आहे. म्हटलं, त्याआधी आपल्याकडे एक दुपार ठेवावं." मग घुटमळत, "उघडं आहे ना दुकान?"

उत्तरेश्वरनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. सदाशिव पेठेतल्या माणसाला पुणेरी उत्तर द्यायची ही संधी तो थोडीच सोडणार होता!

"पाटी वाचता येते ना?" त्यानं विचारलं.

दिगंबरनं मान वर करून पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. उन्हात उभं राहून, अगदी सांगितल्याप्रमाणे बाहेरच, ते मोठ्यानं हसले. मग खोकं उचलून पायरी चढले. उत्तरेश्वरनं ते आपल्या मशीनच्या शेजारी मांडलं आणि तारा जोडायला घेतल्या. आतून द्वारका म्हणाली, "पानं वाढलीत, पाव्हण्यांलाबी बोलवा," आणि मेन स्विचकडे न बघताच पुन्हा आत गेली.